केअर सेंटर बघायला जाताय? खोली नंतर बघा, आधी झोपून असलेल्या पेशंटच्या टाचा बघा

मला या विषयावर येणारे फोन जवळजवळ सगळे एकाच वेळी येतात. हॉस्पिटलने सांगितलंय परवा डिस्चार्ज, आई उठून बसू शकत नाही, घरी दोघंही नोकरीवाले, कुठे ठेवू लवकर सांग. मग दुसऱ्या दिवशी धावपळ करून दोन-तीन ठिकाणं बघतात, जिथली खोली चकाचक आणि बोलणारी मॅडम गोड तिथे डिपॉझिट भरून मोकळे होतात, आणि महिन्या-सव्वा महिन्याने परत फोन येतो की पाठीला जखम झालीय, आता काय करू. माझ्या आईचं पहिल्या ठिकाणी अगदी हेच झालं होतं. स्ट्रोकनंतर तिची डावी बाजू गेली, आम्ही बाग बघून, पंखे-एसी बघून तिला ठेवलं, आणि तिसऱ्या आठवड्यात मी तिला कुशीवर वळवलं तेव्हा माकडहाडावर रुपयाएवढी जखम दिसली. त्या दिवसापर्यंत मला कोणीच सांगितलं नव्हतं की काय बघायचं असतं, म्हणून हे लिहितेय.

एक आधीच सांगते. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की छोटं खाजगी हॉस्पिटल डोळ्यासमोर येतं, बाळंतपणाचं वगैरे. इथे मी बोलतेय ते महिनोन्‌महिने राहून सुश्रुषा होते त्या ठिकाणांबद्दल, म्हणजे केअर सेंटर, सुश्रुषा केंद्र, किंवा ज्या वृद्धाश्रमात झोपून असलेल्यांचा वेगळा वॉर्ड असतो तो. पाटीवर नाव काहीही असू दे.

१. आधी घरी बसून एक पान लिहा

ठिकाण बघायच्या आधी आपल्या माणसाला नक्की काय लागतं ते कागदावर आलं पाहिजे. "आई तशी बरी आहे, थोडी मदत लागते" असं फोनवर सांगितलं की समोरचा हो म्हणणारच, आणि तिथे गेल्यावर कळतं की आईला उचलायला दोन माणसं लागतात आणि त्यांच्याकडे रात्री एकच आहे. तर पानावर हे लिहा:

- कुशीवर स्वतः वळता येतं का? बसता येतं का, आधाराने की बिनआधाराने? पलंगावरून खुर्चीत यायला किती माणसं लागतात?
- जेवण स्वतः, भरवून, की नाकातल्या नळीने? पाणी पिताना ठसका लागतो का?
- लघवी-संडास सांगून होते, डायपर आहे, की कॅथेटर म्हणजे लघवीची नळी आहे?
- विसरभोळेपणा किती? घराबाहेर निघून जाते का, रात्री जागी राहते का, संध्याकाळ झाली की घाबरते का?
- गोळ्यांची यादी, वेळेसकट. इन्सुलिन असेल तर किती युनिट आणि कधी. कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी.
- आजचं वजन. उभं राहता येत नसेल तर दंडाच्या मधल्या भागाचा घेर टेपने मोजून ठेवा, कुठल्या दंडाचा तेही लिहा.
- ऐकायचं मशीन, चष्मा, कवळी आहे का.

आणि हे सगळं लिहिताना ज्यांच्यासाठी लिहिताय त्यांना विचारा. डोकं शाबूत असलेल्या वडलांना न विचारता, "दोन दिवस जाऊन येऊ" असं खोटं सांगून नेलेलं मी बघितलंय, आणि मग ते कोणाशीच बोलेनासे होतात, जेवण टाकतात. सांगणं अवघड असतं हे मला माहितेय, पण सांगाच. शक्य असेल तर एखादं ठिकाण त्यांना दाखवायलाही न्या.

इशारा: बरेच वृद्धाश्रम फक्त स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच घेतात आणि प्रकृती बिघडली की घेऊन जा म्हणतात. त्यात त्यांचं चुकत नाही, पण हे तुम्हाला आधी माहीत पाहिजे.

२. फोनवरच गाळून घ्या

दहा ठिकाणं प्रत्यक्ष बघायची ताकद कोणातच नसते. तेव्हा हॉस्पिटलच्या सोशल वर्करकडून, फॅमिली डॉक्टरकडून, ओळखीच्यांकडून यादी घ्या आणि फोन करा. पहिल्याच वाक्यात दर विचारू नका, दर सगळेच सांगतात. हे विचारा:

आज तुमच्याकडे पूर्ण झोपून असलेले किती पेशंट आहेत? रात्री किती माणसं जागी असतात, झोपायला असतात ती नाही, जागी? सिस्टर चोवीस तास असते का फक्त दिवसा? डॉक्टर राउंडला कधी येतात, आणि रात्री दोनला काही झालं तर पेशंट कुठल्या हॉस्पिटलला नेता, कोण सोबत जातं? नातेवाइकांना भेटायच्या वेळा काय आहेत?

या शेवटच्या प्रश्नावर जरा थांबून ऐका. आठवड्यातून एकदाच, ठरावीक एक तास, तोही बाहेरच्या हॉलमध्ये पेशंटला आणून भेटवू, बेडपाशी येता येणार नाही असं म्हणत असतील तर माझ्या यादीतून ते ठिकाण तिथेच कटाप. इन्फेक्शनचं कारण सांगतात, काही काळ ते खरंही असू शकतं, पण कायमचा नियम असेल तर आपल्या माणसाची पाठ आपल्याला कधी दिसणारच नाही.

आता रात्रीच्या माणसांचा हिशेब, कारण मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. जो स्वतः वळू शकत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर एकाच जागी दाब पडून जखम होते, तिलाच बेडसोअर म्हणतात. एका पेशंटला नीट वळवायचं, उशी लावायची, डायपर बघायचा, चादर सरळ करायची, याला दोन माणसांना सहा मिनिटं धरा. वीस पेशंट झोपून असतील तर झाली १२० मिनिटं, म्हणजे पूर्ण दोन तास. एक राउंड संपतो तोवर दुसरा सुरू. याचा अर्थ वीस पेशंटना रात्रभर वळवायचं तर दोन माणसांनी मिनिटभर टेकायचं नाही, पाणीही कोणाला द्यायचं नाही. आणि वॉर्डात रात्री एकच मावशी असेल तर कूस बदलणं होतच नाहीये, कागदावर काहीही लिहिलेलं असो. हा हिशेब त्यांच्यासमोर करायची गरज नाही, आपला आपण करायचा.

तपासा: फोन उचलणाऱ्याने तुमच्या माणसाबद्दल काही विचारलं का? वजन किती, वळता येतं का, नळी आहे का? काहीच न विचारता "या घेऊन, बेड आहे" म्हणाले तर जपून.

३. कागद बघा, पण कागदावर जाऊ नका

महाराष्ट्रात जिथे आजारी किंवा अपंगावस्थेतल्या माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा दिली जाते त्या जागेसाठी महाराष्ट्र नर्सिंग होम्स रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट, १९४९ आहे. महापालिका हद्दीत हे रजिस्ट्रेशन महापालिकेच्या आरोग्य विभागाकडून होतं. नळी, कॅथेटर, ऑक्सिजन, इंजेक्शनं असं सगळं करतो म्हणणाऱ्या ठिकाणाकडे हे सर्टिफिकेट मागा आणि मुदत संपलेली नाही ना ते बघा. काही जण शॉप अ‍ॅक्टचं लायसन दाखवतात, ते कुठल्याही दुकानाला मिळतं, सुश्रुषेशी त्याचा काही संबंध नाही. ट्रस्टचं रजिस्ट्रेशन धर्मादाय आयुक्तांकडचं असतं, त्यावरून संस्था खरी आहे एवढंच कळतं. २०२१ मध्ये नर्सिंग होमचे नियम बदलले तेव्हापासून रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक लावायला पाहिजे, ते भिंतीवर आहे का बघा.

सोबत फायर एनओसी, म्हणजे अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, आणि बायोमेडिकल वेस्टची व्यवस्था. इन्सुलिनच्या सुया साध्या कचऱ्याच्या डब्यात दिसल्या तर तिथे बाकी काय चालत असेल याची कल्पना करा.

"सिस्टर" कोण हे स्पष्ट विचारा. जीएनएम किंवा बीएससी नर्सिंग म्हणजे शिकलेली नर्स, एएनएम म्हणजे दोन वर्षांचा कोर्स केलेली, आणि यांची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते. बाकी ज्या मावशी आणि मामा आहेत ते अटेंडंट. अटेंडंट वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये, माझ्या आईला शेवटची दोन वर्षं ज्यांनी जपलं त्या मावशी सातवी शिकलेल्या होत्या. पण इन्सुलिन देणं, नळी घालणं, जखमेचं ड्रेसिंग ही त्यांची कामं नाहीत आणि ती त्यांच्यावर ढकलली जात असतील तर ते तुम्हाला कळलं पाहिजे.

इशारा: सगळे कागद असूनही काळजी निकृष्ट असू शकते. कागद नसणं हे नाही म्हणायला पुरेसं कारण आहे, पण कागद असणं हे हो म्हणायला पुरेसं नाही.

४. पहिली भेट: वेळ ठरवून, दुपारच्या जेवणाच्या आसपास

साडेअकरा ते एकच्या मध्ये जा. अकरा वाजता सगळ्यांना आंघोळ घालून पावडर लावून बसवलेलं असतं, सगळीकडे छान वाटतं. जेवणाच्या वेळेला कामाचा ताण असतो आणि तेव्हाच खरं दिसतं.

आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं बोलू नका, वास घ्या आणि ऐका. एखाद्या बेडजवळ वास आला तर आत्ताच काही झालं असेल, ते चालायचंच. पण जिना चढतानाच लघवीचा शिळा वास येत असेल, किंवा उलट फिनेल आणि उदबत्ती एवढी की डोळे चुरचुरतात, तर दोन्ही एकच सांगतात. कोणी हाक मारत असेल तर घड्याळ लावा. किती वेळाने कोणी गेलं, आणि जाऊन काय बोललं? "आजी काय झालं" असं बेडजवळ वाकून विचारलं की लांबूनच "गप बसा" झालं?

मग सांगा की मला पूर्ण झोपून असलेल्यांचा वॉर्ड बघायचाय. ते डीलक्स रूम दाखवायला नेतात, छान, पण तुमचा माणूस जसा आहे तशा माणसांकडे बघायचंय. तिथे हे बघा, कोणाचं पांघरूण न उचलता, कोणाचा फोटो न काढता, कारण ती कोणाची तरी आई आहे आणि तिची लाज आपण राखायची:

टाचा. पायाखाली उशी देऊन टाचा गादीपासून अधांतरी ठेवल्यात का? टाच, माकडहाड, कमरेच्या बाजूचं हाड आणि डोक्याचा मागचा भाग इथे बेडसोअर आधी होतात. दहापैकी नऊ जण पाठीवर सरळ झोपलेले दिसले तर कूस बदलणं होत नाहीये. एअर बेड सगळ्यांना दिलाय हे ऐकून समाधान मानू नका, एअर बेड असला तरी वळवावं लागतंच, आणि त्याचा पंप चालू आहे का, गादी फुगलेली आहे का तेही बघा. बंद पडलेला एअर बेड मी दोन ठिकाणी बघितलाय.

लघवीची पिशवी. ती पेशंटच्या कमरेपेक्षा खाली लटकलेली पाहिजे आणि जमिनीला टेकता कामा नये. पलंगावर पेशंटच्या शेजारी ठेवलेली असेल तर लघवी उलटी जाते आणि इन्फेक्शन होतं. पिशवी गच्च भरलेली असेल तर सकाळपासून कोणी बघितलेलं नाही.

नाकातली नळी. नळीने फीड देताना पेशंटचं डोकं वर पाहिजे, साधारण ३० ते ४५ अंश, आणि दिल्यावर निदान अर्धा-पाऊण तास तसंच. आडवं ठेवून फीड दिलं तर ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. हे एक दिसलं तरी मी तिथे पेशंट ठेवणार नाही.

भरवणं. भरवणारी बसलीय की उभी राहून घास कोंबतेय? घास गिळेपर्यंत थांबते का? एकाच चमच्याने तिघांना भरवणं चालू आहे का? ताटात काय आहे तेही बघा, ज्यांना चावत नाही त्यांना मऊ भात-वरण, पातळ खिचडी, मिक्सरमधून काढलेली भाजी वेगवेगळी दिली तर चव राहते, सगळं एकत्र फिरवून करडा लगदा देतात तेव्हा माणसं जेवण सोडतात. आणि अर्ध्या भरलेल्या ताटांचं काय होतं, कोणी लिहून ठेवतं का, की तशीच उचलली जातात?

पाणी, ओठ, नखं. प्रत्येक बेडपाशी पाणी आहे का आणि हाताला येईल असं आहे का? ओठ सुकून पापडी आलीय, जीभ कोरडी, नखं वाढलेली आणि आत काळी, पुरुषांची चार दिवसांची दाढी. या छोट्या गोष्टी एखाद्याच्या बाबतीत सुटू शकतात. सगळ्यांच्या बाबतीत सुटल्या असतील तर माणसं कमी आहेत.

बांधून ठेवणं आणि झोपवून ठेवणं. पलंगाला हात बांधलेले दिसले तर का, किती वेळ, कोणी सांगितलं, घरच्यांना विचारलं का, हे शांतपणे विचारा. नळी ओढू नये म्हणून कधी कधी थोडा वेळ हातमोजा घालतात, ते समजू शकतं. पण दुपारी साडेबाराला अख्खा वॉर्ड गाढ झोपेत, जेवणालाही डोळे उघडत नाहीत, हे नॉर्मल नाही. झोपेची गोळी कोणाच्या प्रिस्क्रिप्शनने देता हे विचाराच.

जाता जाता बाथरूममध्ये जा. धरायला दांडे, न घसरणारी फरशी, शॉवरची खुर्ची, गरम पाणी खरंच येतं का, दार बाहेरून उघडता येतं का. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, नाहीतर चौथ्या मजल्यावरून ब्रेन स्ट्रोकचा पेशंट चादरीत घालून जिन्याने उतरवावा लागतो. लाईट गेली तर जनरेटर कशाकशाला आहे? ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन), सक्शन मशीन (घशातला कफ ओढून काढणारं), एअर बेड सगळं विजेवर चालतं, आणि कॉन्सन्ट्रेटर असेल तर भरलेला सिलिंडर सोबत पाहिजेच.

५. रजिस्टर मागा

लोक हा टप्पा संकोचाने सोडून देतात. दुसऱ्या पेशंटची माहिती तुम्हाला दाखवू नये हे बरोबरच आहे, तर नाव झाकून दाखवा म्हणा, किंवा फॉर्म कसा असतो आणि भरलेला कसा दिसतो एवढं दाखवा म्हणा. कूस बदलल्याचा चार्ट, बीपी-शुगर, खाणं-पिणं आणि लघवी, औषधं दिल्याची सही, महिन्याचं वजन, पडल्याची नोंद.

खोटा चार्ट ओळखायला सोपा असतो. दुपारचे साडेबारा वाजलेत आणि चार्टवर संध्याकाळी सहापर्यंतच्या सह्या झाल्यात. किंवा आठवडाभर प्रत्येकाचं बीपी १२०/८० आणि एकाच पेनाने, एकाच अक्षरात. खऱ्या चार्टला खाडाखोड असते, वेगवेगळी अक्षरं असतात, मध्येच "पेशंटने नकार दिला" असं लिहिलेलं असतं.

तपासा: "गेल्या महिन्यात किती जण पडले?" असं विचारा. "आमच्याकडे कोणी पडतच नाही" या उत्तरावर विश्वास ठेवू नका, म्हातारी माणसं पडतात. "दोघं पडले, एक रात्री बाथरूमला जाताना, मग आम्ही तिथे रात्रीचा दिवा लावला" असं सांगणारं ठिकाण चांगलं.

६. दुसरी भेट: न सांगता

पहिल्या भेटीत आवडलं तरी पैसे भरू नका. दोन-तीन दिवसांत परत जा, रविवारी संध्याकाळी किंवा आठवड्यात रात्री आठच्या सुमारास, "तेव्हा एक विचारायचं राहिलं" म्हणून. आत सोडत नसतील तर गेटपाशी थांबा, तिथे बाहेर पडणारे नातेवाईक भेटतात. त्यांना "कसं आहे" विचारू नका, सगळे "बरं आहे" म्हणतात, कारण त्यांचा माणूस आत असतो. "तुमच्या आईंना इथे किती दिवस झाले, वजन कमी झालं का, पाठीला कधी काही झालं का, झाल्यावर तुम्हाला त्यांनी कळवलं की तुम्हाला दिसलं?" असं विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका.

मावशींशीही बोला. इथे किती वर्षं आहात, किती तासांची ड्युटी, सुट्टी मिळते का. सगळ्याच दोन-तीन महिन्यांच्या नव्या असतील तर कोणी टिकत नाहीये. बारा तासांची ड्युटी करून परत रात्रीची लावतात असं कळलं तर चांगल्यातली चांगली बाईसुद्धा पहाटे चारला पेशंट वळवू शकणार नाही. आणि गणपती, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी यात स्टाफ गावी जातो तेव्हा काय करता, हे ऑफिसात विचारा. माझ्या आईला जखम झाली तो आठवडा गणपतीचा होता, अर्धा स्टाफ कोकणात गेला होता आणि आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, सांगितलं असतं तर आम्ही बहिणी आळीपाळीने जाऊन बसलो असतो.

रात्रीच्या जेवणाची वेळ विचारून ठेवा. काही ठिकाणी सहाला जेवण आणि सकाळी साडेआठला नाश्ता, म्हणजे साडेचौदा तास पोटात काही नाही. इन्सुलिनवर असलेल्याची शुगर पहाटे ७० च्या खाली जाऊ शकते. झोपताना दूध किंवा काही देतात का, आणि रात्री घाम आला किंवा बडबडायला लागले तर शुगर तपासायला ग्लुकोमीटर कोणाच्या हाताशी असतो?

७. पैसे आणि अ‍ॅग्रीमेंट

इथे थोडक्यात सांगते कारण यात लोक तसे हुशार असतात. पॅकेजमध्ये काय नाही ते लिहून घ्या: डायपर, अंडरपॅड, ड्रेसिंगचं सामान, फिजिओ, डॉक्टरची व्हिजिट, अ‍ॅम्ब्युलन्स. डायपर दिवसाला किती धरलेत आणि आपण आणून दिले तर चालतात का. पेशंट हॉस्पिटलला असेल त्या दिवसांचे पैसे किती. डिपॉझिट किती दिवसांत परत, काय काय कापून. नोटीस किती दिवसांची. तब्येत बिघडली तर दर वाढणार का आणि तो कोण ठरवणार.

आणि एक प्रश्न जो विचारवत नाही पण विचारा. रात्री तिथेच माणूस गेला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला कोणते डॉक्टर देणार? हे ठरलेलं नसेल तर त्या अवस्थेत घरच्यांना तासन्‌तास डॉक्टर शोधत बसावं लागतं.

इशारा: "काहीही झालं तरी संस्था जबाबदार नाही" असं वाक्य असलेल्या कागदावर घाईत सही करू नका. ते खोडून मागा. खोडत नसतील तर निदान बेडसोअर, पडणं आणि ताप आला तर त्याच दिवशी फोन करून कळवू, एवढं त्याखाली लिहून घ्या.

८. ठेवायचा दिवस

सकाळी न्या, कामाच्या दिवशी. शुक्रवारी संध्याकाळी किंवा सणाच्या आदल्या दिवशी कधीच नाही, कारण पुढचे दोन-तीन दिवस डॉक्टर आणि नेहमीची सिस्टर नसते आणि नव्या माणसाची कोणाला माहिती नसते.

तिथल्या सिस्टरसोबत उभं राहून डोक्यापासून टाचेपर्यंत अंग बघा. आधीची जखम, काळे डाग, सूज, सगळं त्यांच्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या, आणि आपल्या माणसाचे फोटो आपल्या फोनमध्ये तारखेसकट. यात त्यांचाही फायदा असतो, हॉस्पिटलमधूनच आलेली जखम त्यांच्या माथी येत नाही. वजन करा. औषधं मोजून द्या आणि पोच घ्या, न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशात ठेवलं जातं ना बघा. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या घरी न्या. चष्मा, कवळी, ऐकायचं मशीन यावर नाव चिकटवा, या तिन्ही गोष्टी हमखास हरवतात आणि त्या हरवल्या की माणूस बोलणं आणि जेवणं दोन्ही सोडतो.

घरचं पांघरूण, देवाचा फोटो, रेडिओ. आणि एक कागद पलंगावर लावा: हाक काय मारायची, चहात साखर किती, कुठल्या कुशीवर झोप लागते, कशाची भीती वाटते. आईच्या कागदावर आम्ही लिहिलं होतं की तिला उजव्या बाजूने येऊन बोला, डावीकडचं तिला दिसत नाही. दुसऱ्या ठिकाणी ते सगळ्यांनी पाळलं.

९. नंतरचे पहिले सहा आठवडे

इथे लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि आठवड्यातून एकदा, तेही रविवारी अकराला जायला लागतात. पहिल्या सहा आठवड्यांत वेगवेगळ्या वेळी जा. प्रत्येक भेटीत तीन कामं: वळवून पाठ आणि टाचा बघा, पाणी पाजून बघा किती तहानलेत ते, आणि चार्ट बघा.

लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर फिकट होऊन परत लाल झाला तर ठीक, दाबूनही तसाच राहिला तर तो बेडसोअरचा पहिला टप्पा आहे, आणि तेव्हाच वजन त्या जागेवरून काढलं तर बरा होतो. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, टणक किंवा काळसर लागते का ते हाताने बघा. त्या जागेवर मसाज करू नका, करूही देऊ नका, आतली कातडी अजून फाटते.

वजन दर महिन्याला. महिन्यात ५ टक्के कमी होणं ही धोक्याची खूण आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो. डायपरमधल्या पुरळाची, अचानक वाढलेल्या झोपेची, आणि ठरावीक माणूस जवळ आला की आक्रसून जाण्याची दखल घ्या. बोलता न येणाऱ्या माणसाकडे सांगायला एवढंच असतं.

मुलं अमेरिकेत किंवा दुबईत असतील तर रोजचा व्हिडिओ कॉल पुरेसा नाही, कारण कॅमेऱ्यात चेहरा दिसतो, पाठ नाही. इथे एक माणूस नेमा, भाचा, शेजारी, जुनी मोलकरीण, कोणीही, जो आठवड्याला दोनदा जाईल आणि वरची तीन कामं करून तुम्हाला कळवेल. त्याचं नाव अ‍ॅग्रीमेंटमध्ये घाला म्हणजे त्याला अडवणार नाहीत.

१०. बिघडतंय असं दिसलं तर

ओरडू नका. मावशीवर तर अजिबात नाही, तुम्ही गेल्यावर रात्री तीच तुमच्या आईपाशी असते. आधी इन्चार्जला त्याच दिवशी सांगा आणि मग लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: आज अमुक वाजता अमुक जागी असं दिसलं, फोटो सोबत, यावर काय करणार आणि कधीपर्यंत. लेखी असलं की उत्तर येतं. ४८ तासांत फरक दिसला, जखमेला डॉक्टरने बघितलं, चार्ट खरा झाला, तर थांबा. तुम्हालाच उलट बोलायला लागले, भेटीच्या वेळा कमी केल्या, तर दुसरी जागा शोधायला त्याच दिवशी लागा.

मारहाण, उपाशी ठेवणं, विनाकारण बांधून ठेवणं असेल तर वाट बघायची नाही, ११२ ला फोन. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे, फुकट आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. नर्सिंग होम म्हणून नोंदणी असेल तर लेखी तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. डिपॉझिट आणि बिलाच्या भांडणासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

हलवायचं ठरलं तर नवीन बेड पक्का झाल्याशिवाय जुन्या ठिकाणी बोलू नका. निघताना औषधं दिल्याचा चार्ट, जखमेच्या नोंदी, सगळे ओरिजिनल रिपोर्ट, उरलेली औषधं मोजून, आणि आजचं वजन घ्या. निघायच्या आधी परत एकदा डोक्यापासून टाचेपर्यंत अंग बघा, फोटो काढा, आणि पोचल्यावर नव्या ठिकाणच्या सिस्टरसमोर पुन्हा तेच करा.